गाडीत सडक्या अंड्याचा वास येतोय? आधी बॅटरी बघा, मग सायलेन्सर

२०१९ च्या मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढलो आणि गाडीत सडक्या अंड्यांचा वास भरला. घाटात इंजिनावर ताण आला की असा वास कधीकधी येतो हे माहीत होतं, म्हणून काचा खाली केल्या आणि निघालो तसाच पुढे. घाट उतरला, सुरूर फाटा आला, रस्ता सपाट झाला, तरी वास जाईना. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अहो, माझे डोळे चुरचुरतायत." खरं कारण त्या एका वाक्यात होतं, पण मला ते तेव्हा उमगलं नाही. साताऱ्यात एका गॅरेजवर गाडी दाखवली. तिथल्या माणसाने सायलेन्सरपाशी वाकून वास घेतला, "कन्व्हर्टर गेलाय, बदलावा लागेल," असं सांगितलं आणि पंचवीस हजारांच्या पुढचा आकडा दिला. (कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या आधी बसवलेला, धूर साफ करणारा डबा.) दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या दोन्ही बाजू पोट सुटल्यासारख्या फुगलेल्या, टोपणांभोवती ओल, आणि शेजारच्या पत्र्यावरचा रंग पांढरट होऊन उठलेला. डोळे चुरचुरत होते ते त्या बॅटरीतून उडणाऱ्या आम्लाच्या फवाऱ्याने.

त्या दिवशी कन्व्हर्टर बदलला असता तर पैसे गेले असतेच, वर उकळती बॅटरी तशीच बॉनेटखाली राहिली असती. तेव्हापासून घरच्यांच्या, मित्रांच्या बऱ्याच गाड्यांचा हा वास मी हुंगत आलोय. तपासणीचा जो क्रम हाती बसला तो इथे सविस्तर देतोय. कोणतं कारण जास्त वेळा आढळतं यापेक्षा कोणतं कारण जास्त धोक्याचं, त्यावरून हा क्रम लावलाय.

वास गाडीचाच आहे ना?

हा प्रश्न बावळट वाटेल, पण पहिल्यांदा हाच विचारा. माहीमच्या खाडीवरून, उघड्या नाल्याशेजारून किंवा मळी साठवलेल्या साखर कारखान्याजवळून जाताना हाच वास येतो, कारण तिथेही हाच वायू तयार होत असतो: हायड्रोजन सल्फाइड. एसी बाहेरची हवा आत घेत असेल तर पाच-दहा मिनिटं हा वास गाडीत रेंगाळतो. एकाच ठिकाणी रोज वास येत असेल तर तिथून जाताना हवेचं बटण आतल्या हवेवर ठेवून बघा. वास थांबला तर गाडी निर्दोष आहे.

आता वास नीट ओळखा. सडकं अंडं, किंवा दिवाळीत फटाके उडून गेल्यावर गल्लीत राहतो तसा गंधकाचा वास, हा आपला विषय. कागद जळल्यासारखा वास क्लच प्लेटचा. गोडसर, पाकासारखा वास कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या गळतीचा. कुबट, ओल्या फडक्याचा वास एसीच्या आतल्या कॉइलवर साठलेल्या बुरशीचा. डोक्यात जाणारा, दिवसागणिक वाढणारा आणि एसी लावताच उसळणारा वास बहुतेक वेळा ब्लोअरमध्ये मेलेल्या उंदराचा असतो. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली की हे हमखास घडतं. नव्या डिझेल गाडीत कधीतरी नाकात झिणझिण्या आणणारा वास येतो तो अमोनियाचा, युरियाच्या टाकीकडून.

नाकाबद्दल एक गोष्ट गंभीरपणे लक्षात ठेवा. हवेच्या दहा कोटी भागांत एखादाच भाग हायड्रोजन सल्फाइड असला तरी आपल्याला वास येतो. पण हाच वायू फार वाढला, दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला, की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. बंद गाडीत बसलेलं असताना जोराचा वास एकाएकी नाहीसा झाला तर सुटलो असं समजू नका. गाडी थांबवा, उतरा, दारं उघडा.

चार दिवस नोंद ठेवा

मेकॅनिककडे जाण्याआधी मोबाइलवर चार ओळी लिहून ठेवल्या तर निम्मं निदान घरीच होतं. वास येईल तेव्हा एवढं टिपा: इंजिन थंड होतं की गरम, गाडी उभी होती की चढावर होती, वास आत जास्त येत होता की बाहेर, पुढून येत होता की मागून, आणि शेवटचं पेट्रोल कधी, कुठे भरलं.

या नोंदी कशा वाचायच्या? फक्त घाटात वास येतो आणि वर पोचल्यावर पाच मिनिटांत जातो, तर बहुधा काळजीचं कारण नाही. सिग्नलला उभं असताना मागून येतो, चालत्या गाडीत येत नाही, तर धूर बघायचा. गाडी बंद करून उतरल्यावर बॉनेटच्या बाजूने येतो, तर बॅटरी. इंजिन बंद असताना सकाळी दार उघडताच आला, तर सीएनजीची गळती नाहीतर बॅटरी, आणि अशा वेळी किल्ली फिरवायची नाही.

पायरी पहिली: बॅटरी

घरातली इन्व्हर्टरची जुनी बॅटरी जास्त चार्ज झाली की खोलीभर जो वास सुटतो, तोच हा वास. बॅटरीत पाणी मिसळलेलं गंधकाम्ल असतं. गरजेपेक्षा जास्त करंट आत ढकलला की पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात, बॅटरी तापते, आणि उकळत्या सेलमधून आम्लाचे बारीक थेंब व थोडा हायड्रोजन सल्फाइड सोबत येतो. यातला हायड्रोजन सगळ्यात घातकी. हवेत तो अवघा ४ टक्के झाला की एका ठिणगीवर पेट घेतो. बॅटरी फुटली की आम्ल तोंडावर उडतं.

म्हणून वास जोराचा असेल तेव्हा हे करा: गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, काचा उघडा. बॉनेट लगेच उघडून आत तोंड घालू नका. अर्धा-एक तास थांबा. आसपास विडी-सिगारेट नको. फुगलेल्या किंवा तापलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीच्या वायरी लावून स्टार्टर मारणं म्हणजे जिवाशी खेळ, ते कुणी कितीही आग्रह केला तरी करू नका. "काही होत नाही दादा, मी रोज करतो," असं म्हणणारा भेटतोच. त्याला नम्रपणे नाही म्हणा.

बॅटरी थंड झाल्यावर डोळ्यांवर चष्मा चढवून बघा. बाजू सपाट आहेत का? टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर किती आहे? खालच्या ट्रेचा पत्रा खाल्लाय का? पाणी घालायची बॅटरी असेल तर बाहेरच्या खुणांमधली पातळी पाहा. सहाही सेलमधलं पाणी झपाट्याने कमी होत असेल तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) जास्त चार्ज करतोय. एकाच सेलचं पाणी कमी असेल आणि बाकीचे ठीक असतील, तर त्या सेलमध्येच काहीतरी बिघाड आहे.

यापुढे मल्टिमीटर लागतो. इलेक्ट्रिकलच्या दुकानात तीन-चारशे रुपयांत साधा मिळतो आणि तपासणीसाठी तो पुरतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी सुरू करण्याआधी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर व्होल्ट मोजा. १२.६ च्या जवळपास म्हणजे पूर्ण चार्ज. १२.४ ठीक. १२ च्या खाली म्हणजे उपाशी. आणि साडेदहाच्या आसपास आकडा आला तर सहापैकी एक सेल मेला. प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो, त्यातला एक वजा झालेला.

आता गाडी सुरू करा. दोनेक मिनिटं जाऊ द्या, हेडलाइट लावा, इंजिन थोडं रेस करून धरा आणि परत मोजा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. काही नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे आकडा खालीवर होतो, तेवढ्याने घाबरू नका. पण १५ च्या वर जाऊन तिथेच ठाण मांडून बसला तर अल्टरनेटरचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेलाय. इथे एक बारकावा आहे जो बऱ्याच ठिकाणी सुटतो. अल्टरनेटर अगदी ठणठणीत असूनही बॅटरी उकळू शकते. एक सेल शॉर्ट झाला की बॅटरी कायम अर्धपोटी दिसते, अल्टरनेटर तिला भरवत राहतो, आणि उरलेल्या पाच सेलना त्यांच्या कुवतीबाहेर चार्ज बसतो. माझ्या गाडीत हेच झालं होतं. बॅटरी चार वर्षांची, वर मे महिना. तेव्हा नुसता रेग्युलेटर किंवा नुसती बॅटरी बदलून मोकळे होऊ नका. नवी बॅटरी बसवल्यावर चार्जिंगचे व्होल्ट परत मोजून घ्या. रेग्युलेटर खराब असेल तर नवी बॅटरी दोन महिन्यांत त्याच वाटेने जाते.

बॅटरी काढताना आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडा. बसवताना ती शेवटी लावा. सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, फेस थांबेपर्यंत. हाताला किंवा डोळ्याला लागलं तर भरपूर वाहत्या पाण्याखाली धरा, आणि डोळ्यात गेलं असेल तर पाणी मारून तडक डॉक्टरकडे. बॅटरी सीटखाली किंवा डिकीत असलेल्या गाड्यांमध्ये तिच्यातली वाफ बाहेर नेणारी एक बारीक नळी असते. बॅटरी बदलताना ही नळी लावायची राहून गेली की वास थेट माणसांच्या नाकात येतो.

पायरी दुसरी: सीएनजी असेल तर गळती

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम गंधकयुक्त द्रव्य मिसळतात. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मर्कॅप्टन असतं त्याच जातीचं. हवेत गॅस पेट घेण्याइतका होण्याच्या पुष्कळ आधी नाकाला कळावं, असा त्याचा हिशोब. त्यामुळे सीएनजी गाडीत असा वास आला तर "सडक्या अंड्याचा की गॅसचा" या वादात वेळ घालवू नका, गॅस समजूनच वागा.

इंजिन बंद, काचा आणि डिकी उघडी, सगळे बाहेर. दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका. सिलिंडरच्या तोंडाशी हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह असतो, तो बंद करा. हा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि कुठल्या दिशेने बंद होतो, हे आज संध्याकाळीच गाडी उभी असताना बघून ठेवा, ऐन वेळी अंधारात शोधत बसू नका. सिलिंडरमध्ये गॅस २०० बारच्या दाबाने भरलेला असतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या जवळपास शंभर पट. पान्याने नट आवळून बघायचं काम आपलं नाही. साबणाचं पाणी जोडांवर सोडून बुडबुडे येतात का एवढं पाहता येतं, दुरुस्ती मात्र सीएनजीचा परवाना असलेल्या केंद्रातच. तिथे गेलाच आहात तर सिलिंडरच्या प्लेटवरची तारीखही वाचा. दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे सिलिंडरची पाण्याच्या दाबाखालची तपासणी, बंधनकारक आहे.

पायरी तिसरी: गिअर ऑइल

ही पायरी छोटी आहे. गिअर ऑइलमध्ये दात झिजू नयेत म्हणून गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं घातलेली असतात, त्यामुळे डबा उघडला तरी उग्र, लसणीसारखा गंधकी वास येतो. ते ऑइल गरम सायलेन्सरवर ठिबकलं की वास गाडीत शिरतो. बोलेरोसारख्या मागच्या चाकांना जोर असलेल्या गाडीत मागच्या क्राउनचं (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीचं) सील, आणि पुढच्या चाकांच्या गाडीत ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथलं सील, या दोन जागा पाहा. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी डाग पडला असेल तर बोटाला लावून हुंगा. इंजिन ऑइलला असा वास नसतो, एकदा घेतलात की फरक कायम लक्षात राहतो. सील स्वस्त असतं, पण ऑइल कमी पडून गिअरबॉक्स गेला तर तो खर्च मोठा.

पायरी चौथी: धूर, म्हणजे खरं तर पेट्रोल

वरच्या तिन्ही गोष्टी ठीक असतील आणि वास सायलेन्सरच्या टोकाशीच येत असेल, तर आता इंजिनाकडे वळायचं. इथे थोडं मुळाशी जाऊ, कारण ते कळलं तर गॅरेजवाल्याशी बोलणं सोपं जातं.

पेट्रोलमध्ये थोडं गंधक असतंच. बीएस-३ या जुन्या प्रदूषण नियमांच्या काळात पेट्रोलमध्ये १५० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत १५० भाग) गंधक चालायचं, बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाल्यावर ही मर्यादा १० झाली. ३५ लिटरच्या टाकीत साधारण २६ किलो पेट्रोल बसतं. १० पीपीएमने त्यात गंधक किती? फार तर पाव ग्रॅम. पूर्वी तेवढ्याच टाकीत जवळपास चार ग्रॅम असायचं. म्हणून "पेट्रोल खराब आहे" हे उत्तर आज लगेच पटवून घेऊ नका. भेसळीची शंका असेल तर पंप बदला, दोन टाक्या दुसरीकडे भरा. फरक पडला नाही तर तो विषय संपला.

आता हा पाव ग्रॅम वास कसा देतो ते बघा. जळल्यावर गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, र्‍होडियम यांचा अगदी पातळ थर दिलेला. धुरात ऑक्सिजन शिल्लक असेल तर गंधक त्या जाळीवर चिकटून साठत राहतं. आणि पेट्रोल जास्त, हवा कमी अशी वेळ आली की साठलेलं गंधक हायड्रोजनशी जोडलं जाऊन हायड्रोजन सल्फाइड म्हणून एकदम बाहेर पडतं. घाटाचं कोडं इथे सुटतं. लांब उतारावर पाय उचललेला असतो, इंजिन पेट्रोल घेणं थांबवतं, कन्व्हर्टरमधून नुसती हवा जाते. मग चढ लागतो, दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला जातो, इंजिन स्वतःला थंड ठेवायला जास्त पेट्रोल घेतं, आणि साठलेलं सगळं एकदम बाहेर. कसारा किंवा आंबा घाट चढताना पाच मिनिटं असा वास आला आणि गेला, तर ती यंत्रणेची नेहमीची चाल आहे. नव्याकोऱ्या गाडीतही पहिले काही आठवडे कधीमधी येतो.

सपाट रस्त्यावर, रोज येत असेल तर मात्र इंजिन सतत पेट्रोल जास्त पितंय. याच्या खुणा ठरलेल्या असतात. अॅव्हरेज घसरतो, सायलेन्सरच्या तोंडाला आत बोट फिरवलं तर कोरडी मऊ काजळी लागते, स्पार्क प्लग काळे निघतात (निरोगी प्लग फिकट तपकिरी असतो). आणखी एक फुकटची खूण तुमच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेली असते: पीयूसीच्या पावत्या. मागच्या दोन-तीन शेजारी ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बघा. दर वेळी वाढत गेला असेल तर गाडी कधीपासून बिघडतेय तेही कळतं.

पेट्रोल जास्त का जातंय ते शोधायला ब्लूटूथवर चालणारा छोटा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र घ्या, मोबाइलवर आकडे दिसतात. स्टिअरिंगखाली खोवायचा. कोड पी०१७२ म्हणजे मिश्रण जाडं, पेट्रोल जास्त आणि हवा कमी. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय. पी०३०० पासून पुढचे म्हणजे मिसिंग, इंजिनात पेट्रोल नीट न पेटणं. चेक इंजिनचा दिवा लागून राहिला तर दोन दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर गाडी तिथेच बाजूला घ्या, कारण न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो लाल होईपर्यंत तापतो. अशी गाडी वाळल्या गवतावर उभी करू नका.

कोड नसला तरी स्कॅनरवर तीन गोष्टी बघा.

पहिली, सकाळी थंड इंजिनावर कूलंटचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि आत येणारी हवा, दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. बाहेर २५ अंश असताना कूलंट उणे काहीतरी दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय, आणि इंजिन थंडी समजून पेट्रोल ओततंय. मग गाडी वीस मिनिटं चालवून परत बघा. ८५ ते १०० च्या दरम्यान आकडा हवा. ६०-६५ वरच घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) उघडा अडकलाय, किंवा कुणीतरी काढूनच टाकलाय. हे दुसरं आपल्याकडे फार वेळा सापडतं. जुनी गाडी गरम होते म्हणून मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून फेकतो, मालकाला पत्ता नसतो, आणि पुढची दोन वर्षं इंजिन पुरतं तापतच नाही. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचा वास, घसरलेला अॅव्हरेज आणि काळे प्लग, तिन्ही तक्रारी हजार रुपयांच्या आतल्या एका थर्मोस्टॅटने गेल्या.

दुसरी, फ्युएल ट्रिम. इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय किंवा घटवतोय त्याची ही टक्केवारी. उणे दहाच्या पलीकडे असेल तर तो सारखं पेट्रोल कापतोय, तरी पुरत नाहीये. आता उभ्या गाडीत एकदा आणि इंजिन अडीच हजार आरपीएमवर धरून एकदा बघा. रेस केल्यावर आकडा सुधारत असेल तर कुठूनतरी थोडं थोडं जादा पेट्रोल येतंय, जे उभ्या गाडीत जाणवतं आणि रेस केल्यावर हिशोबात विरून जातं. टपकणारा इंजेक्टर, किंवा टाकीतल्या वाफा इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह, या दोघांवर संशय घ्या.

पर्ज व्हॉल्व्ह आणि टाकीतली वाफ शोषून ठेवणाऱ्या त्याच्या कोळशाच्या डब्याला आपलीच एक सवय भोवते. पंपावर नोझल टक्कन बंद होतं आणि पंपावरचा मुलगा विचारतो, "साहेब, राउंड फिगर करू?" त्या वरच्या थेंबांना टाकीत जागा नसते. ते वाफेच्या नळीतून त्या डब्यात जातात, जिथे फक्त वाफ जायला हवी. कोळसा पेट्रोलने भिजला की पुढचे कितीतरी दिवस इंजिनाला जाड मिश्रण मिळत राहतं. तुमच्या नोंदीत टाकी भरल्याच्या दिवशीच वास दिसत असेल तर उत्तर इथे आहे. नोझल पहिल्यांदा बंद झालं की "बस" म्हणा.

तिसरी, पुढचा ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधी धुरातला ऑक्सिजन मोजणारा. बऱ्याच गाड्यांत त्याचे व्होल्ट ०.१ ते ०.९ मध्ये सारखे नाचत असतात. खालीच अडकून राहिला तर तो हवा जास्त असल्याचं सांगतोय आणि इंजिन त्याच्या सांगण्यावरून पेट्रोल वाढवतंय. सेन्सर बदलण्याआधी इंजिन आणि सेन्सर यांच्या मधल्या पाइपचा जोड, गॅस्केट बघा. तिथे चीर असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाते आणि चांगला सेन्सरही चुकीचं वाचतो. गाडी थंड असताना सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात इंजिनाकडून टक-टक असा फुस्कारा ऐकू येतो, गरम झाल्यावर पत्रा फुगून तो बंद होतो. एअर फिल्टर तर पाच मिनिटांत काढून बघता येतो, तो आधीच बघून घ्या.

पायरी पाचवी: कन्व्हर्टर

कन्व्हर्टर शेवटी ठेवलाय कारण तो सहसा आपणहून मरत नाही. मिसिंग, जादा पेट्रोल, किंवा इंजिन ऑइल जळणं, यांपैकी कुणीतरी त्याला मारतं. मूळ कारण तसंच ठेवून नवा बसवला तर तोही जातो. मागच्या, म्हणजे कन्व्हर्टरनंतरच्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्ट स्थिर असतील तर कन्व्हर्टर काम करतोय. पुढच्यासारखेच नाचत असतील तर तो निकामी झालाय. गाडी थंड असताना रबरी हातोडीने हलकेच ठोकून पाहा, आत खुळखुळ वाजलं तर जाळी फुटली आहे. फुटलेले तुकडे धुराची वाट अडवतात आणि मग चढावर पिकअप पूर्णपणे मरतो. "कापून साधा पाइप बसवून देतो, वास कायमचा जाईल," असा सल्ला मिळेल. तो घेऊ नका. ते बेकायदेशीर आहे, पीयूसी अडते, आणि आपल्या मागे सिग्नलला उभ्या असलेल्या दुचाकीवरच्या पोराच्या छातीत तो धूर जातो.

बीएस-६ डिझेल गाडी असेल तर एवढं लक्षात असू द्या: काही मॉडेलमध्ये नायट्रोजनचे ऑक्साइड पकडणारा वेगळा सापळा असतो. त्यावर साठलेलं गंधक गाडी अधूनमधून स्वतःच जाळून काढते आणि त्या दहा-पंधरा मिनिटांत हा वास येतो. महिन्यातून एखाद्या वेळी आला तर सोडून द्या.

वास आत कसा येतोय?

सायलेन्सरचा वास गाडी उभी असताना बाहेर येणं वेगळं आणि चालत्या गाडीत काचा बंद असताना आत येणं वेगळं. आत येत असेल तर पाइपला भोक आहे, किंवा डिकीचं रबर, खालची रबरी बुचं निघाली आहेत. आणि या वाटेने वासासोबत कार्बन मोनॉक्साइडही आत येतो, ज्याला कसलाच वास नसतो. डोकं जड होणं, मळमळ, मागच्या सीटवरच्या मुलांना गाडीत बसलं की झोप येणं, या गोष्टी गाडी लागण्यावर ढकलू नका. असं असेल तर गाडी दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. वासाच्या तपासणीसाठी बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, हेही त्यातच आलं.

काच धुवायच्या टाकीतलं पाणी मात्र सगळ्यात शेवटी बघा आणि बघाच. महिनोन्महिने साठलेल्या साध्या पाण्यात जिवाणू वाढतात आणि तेही हाच वायू सोडतात. वायपरचं पाणी उडवलं की वास काचेखालच्या जाळीतून आत. टाकी रिकामी करून, धुऊन, वॉशरचं औषध घातलेलं पाणी भरा.

गॅरेजवर काय सांगायचं

"वास येतोय, बघा जरा" असं म्हणून किल्ली देऊ नका. तुमची नोंद वाचून दाखवा: "काका, बॅटरी सकाळी १२.६ आहे, चार्जिंग १४.२ आहे, वास सिग्नलला मागून येतो, उभ्या गाडीत ट्रिम उणे चौदा आणि रेस केल्यावर उणे चार." चांगला मेकॅनिक हे ऐकून खूश होतो आणि थेट इंजेक्टरकडे जातो. कन्व्हर्टर बदलायलाच हवा असं कुणी म्हणालं तर दोनच प्रश्न विचारा: मागच्या सेन्सरचा आलेख दाखवता का, आणि हा कन्व्हर्टर कशामुळे गेला? दोन्हींचं उत्तर मिळेपर्यंत जुना भाग गाडीवरच राहू द्या.